पेन्सिलीचे दोन छाप

माझ्या टेबलाच्या काचेखाली दोन कागद आहेत. पहिला अण्णांनी १९९१ साली विम्याच्या कामासाठी काढलेला. इंजिनाच्या ब्लॉकवर ठोकलेल्या नंबरावर पातळ कागद धरून वरून शिसपेन्सिल घासली की आकडे उमटतात, तसा तो छाप आहे. दुसरा छाप आरटीओच्या एजंटकडच्या मुलाने डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या अंगणात काढला. अण्णांच्या कागदावर शेवटचे तीन आकडे ४१७ आहेत. दुसऱ्या कागदावर ते नाहीत. गाडी तीच आहे, बॉनेट तेच आहे, इंजिन मात्र आमचं नाही.

अण्णा सिन्नरला डॉक्टर होते. नंबर लावून, वाट पाहून त्यांनी १९७४ साली गाडी घेतली. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली. कागदावर ती पद्मिनी असली तरी आमच्या घरात तिला फियाटच म्हणत. १०८९ सीसीचं इंजिन, जेमतेम चाळीसेक अश्वशक्ती, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, मागे पाटे. मी गाडी चालवायला शिकले ती हिच्यावरच, मोहदरी घाटात, शेजारी अण्णा बसलेले. ते गेल्यावर दादाने नवी गाडी घेतली आणि फियाट माझ्याकडे नाशिकला आली.

मग घरात दोन पक्ष पडले. भाच्याला ती रॅलीसाठी हवी होती. "मावशी, शोलावरमच्या धावपट्टीवर ह्याच फियाट पळायच्या. तू हिला झाकून काय ठेवतेस?" असं तो तळमळीने म्हणायचा. त्याच्या यादीत रोल केज, बकेट सीट, हार्नेस, अंडरबॉडीला जाड पत्रा, कडक सस्पेंशन असं सगळं होतं. दादाला ती प्रदर्शनात उभी करायची होती. मूळ रंग, मूळ क्रोम, चाकांच्या मूळ टोप्या, अगदी स्क्रूसुद्धा त्या काळचे.

रॅलीच्या बेताला मी ठाम नकार दिला. रोल केज म्हणजे नुसते आत ठेवलेले पाइप नव्हेत. ते तळाच्या पत्र्याला आणि खांबांना वेल्ड करतात, त्यासाठी मागचं सीट जातं, छताचं अस्तर निघतं. त्या मागच्या सीटवर अण्णांनी कितीतरी बाळंतिणींना रात्री-अपरात्री नाशिकला पोचवलं होतं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. कंपनीने बनवलेल्या मूळ रचनेत मालकाला मनाला येईल ते बदल करता येत नाहीत. रॅलीची गाडी बनवायची तर ती ट्रेलरवरून स्पर्धेला न्यायची आणि ट्रेलरवरून परत आणायची, हे गृहीत धरा.

तरी भाच्याचं मन राखायला जानेवारी २०२३ मध्ये आम्ही एका टीएसडी रॅलीत उतरलो. टीएसडी म्हणजे वेळ, वेग आणि अंतर. तिच्यात गाडीला हात लावावा लागत नाही. रोड बुक मिळतं, त्यात प्रत्येक वळणाचं चित्र आणि किती सरासरी वेग राखायचा ते दिलेलं असतं. उशिरा पोचलात तर दंड, लवकर पोचलात तरी दंड. भाचा चालवत होता, मी शेजारी घड्याळ आणि मैलमापक बघत होते. आम्ही बऱ्याच खालच्या नंबरावर आलो, पण इतक्या वर्षांत ही गाडी एवढी खुशीत चालताना मी पाहिली नव्हती. त्या दिवशी संध्याकाळी मला वाटलं, पोरगं बरोबर बोलत होतं. गाडी पळवण्यासाठीच असते.

पण पुढच्या वर्षी पन्नाशी भरत आली आणि मी दादाच्या बाजूला गेले. २०२१ च्या जुलैमधल्या केंद्राच्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. तीही अट मी मान्य केली. अण्णांच्या गाडीला सरकारी कागदावर मान मिळतोय, याचा मला मोह पडला. मुख्य अट एकच होती: चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको, गाडी मूळ रूपात हवी.

त्याच तयारीत तो मुलगा छाप काढायला आला. कागद आरसीशी ताडून बघताना तो म्हणाला, "ताई, हा नंबर नाही जमत." मी म्हटलं, नीट घास, तेल असेल. त्याने रॉकेलने पुसून तीनदा छाप काढला. तिन्ही वेळा तेच आकडे. मग मी अण्णांची पाकिटं उपसली आणि हा १९९१ चा कागद सापडला. आरसी आणि अण्णांचा छाप तंतोतंत जुळत होते.

मला आठवलं. २०२२ मध्ये गाडी धूर सोडत होती म्हणून एका गॅरेजला दिली होती. जुन्या गाड्यांचं काम करणारं, नावाजलेलं. "फक्त हेडचं काम" म्हणून गाडी आत गेली ती चार महिने बाहेर आली नाही. बिलावर 'इंजिन ओव्हरहॉल' एवढे दोन शब्द आणि अडतीस हजार. मी पैसे दिले, आभार मानले, पेढे दिले. त्या पेढ्यांची आठवण आजही मला झोपू देत नाही.

मी गॅरेजमध्ये गेले. मालक शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमचा ब्लॉक क्रॅक होता. बोअर करण्यात अर्थ नव्हता. दुसरा बसवला. गाडी चालतेय ना?" मला का सांगितलं नाही, तर "तुम्ही घाईत होता." जुना ब्लॉक कुठे आहे, तर "भंगारात गेला असेल." नव्या ब्लॉकचं बिल दाखवा, तर बिल नाही. क्रॅकचा फोटो नाही. कोणत्या भंगारवाल्याला दिला, तेही नाही. चौकीत गेले तर मलाच विचारलं, बाई, गाडी आत देताना इंजिन नंबर लिहून घेतला होता का? नव्हता घेतला.

मला राग कशाचा आहे ते नीट सांगते. ब्लॉक खरंच तडकला असेल. बीड लोखंड आहे, पन्नास वर्षं तापून थंड झालेलं, तडकू शकतं. पण तो तडकलेला तुकडा माझा होता. मला फोन करून "काय करू?" एवढं विचारायला एक मिनिट लागलं असतं. त्या एका मिनिटाअभावी गाडी 'व्हिंटेज' होऊ शकली नाही. इंजिन बदललं तर त्याची नोंद आरसीवर करावी लागते आणि बदललेल्या इंजिनाचा कागद नसल्याने तीही अडली आहे. गाडी अंगणात उभी आहे.

ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांना हात जोडून सांगते: गॅरेजला देण्याआधी इंजिन आणि चासी दोन्ही नंबरांचे छाप घ्या, त्यावर गॅरेजवाल्याची सही घ्या, काढलेला प्रत्येक जुना भाग परत मागा. माणूस ओळखीचा असला तरी मागा.

भाचा परवा पुन्हा आला. म्हणाला, "मावशी, आता तर मूळपण राहिलंच नाही. आता तरी रॅलीला दे." त्याचं म्हणणं बिनतोड आहे. मूळपणासाठीच मी नाही म्हणत होते आणि ते गेलंय. टीएसडीच्या दिवशी मी किती हसले होते, तेही त्याने मोबाइलवर दाखवलं. तरी मी नाही म्हटलं. का, ते मला त्याला पटवून देता आलं नाही. त्या मागच्या सीटवर हात ठेवून मी नाही म्हटलं, इतकंच.

रॅली नाही आणि प्रदर्शनही नाही, हे माझं ठरलंय. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा नाशिकच्या एखाद्या भंगाराच्या दुकानात कुणाला १०८९ सीसीच्या फियाटचा ब्लॉक दिसला आणि त्याच्या नंबराच्या शेवटी ४१७ असेल, तर तो तडकलेला असला तरी मला हवा आहे. वजनाच्या भावाच्या तिप्पट पैसे देईन.