सेकंदाला सहा सेंटिमीटर

762ला 87ने भागलं की उत्तर येतं 8.76. हे गणित शकुंतलेचं. मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळला आणि दुसरीकडे अचलपूरला जाणाऱ्या या नॅरोगेज मार्गावर दोन रुळांतलं अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. आगगाडीच्या प्रतिकृती करणारे जगभर जे प्रमाण सर्वाधिक वापरतात त्याला एचओ म्हणतात; त्यात प्रत्येक वस्तू मूळ आकाराच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी होते. शकुंतलेचे रूळ त्यात पावणेनऊ मिलिमीटरांवर येतात, आणि एन-गेजचे तयार रूळ असतात 9 मिलिमीटरांचे. पाव मिलिमीटरचा फरक डोळ्यांना जाणवत नाही. अकोल्यातल्या घराच्या वरच्या खोलीत मूर्तिजापूर जंक्शन उभं करायचं मी ठरवलं ते या जुळण्याच्या भरवशावर.

शेजारच्या ब्रॉडगेजचं तसं नाही. मुंबई-हावडा मार्गाचे रूळ 1676 मिलिमीटरांवर. एचओत ते सव्वाएकोणीसवर जायला हवेत. बाजारात मिळणारे एचओ रूळ मात्र साडेसोळा मिलिमीटरांचे, कारण ते युरोप-अमेरिकेतल्या 1435 मिलिमीटरच्या गेजवरून ठरले आहेत. आपलं ब्रॉडगेज इंजिन त्यांवर ठेवलं की अंग रुंद आणि पाय जवळजवळ असं दिसतं. एरवी हे खपून जातं, पण मूर्तिजापूरला नाही. तिथली सगळी गंमतच एका बाजूला थोरली गाडी आणि दुसऱ्या बाजूला धाकटी, अशी आहे. म्हणून तेवढ्या फलाटापुरते ब्रॉडगेजचे रूळ हातानं घातले. सर्किट बोर्डाच्या पट्ट्या कापून स्लीपर केले, त्यांवर मोजपट्टीनं अंतर राखत रूळ सोल्डर केले आणि डब्यांची चाकं आसांवर थोडी बाहेर सरकवली. या रुळांवरून गाडी धावत नाही. मालगाडीचे काही डबे फक्त उभे असतात. पण पाहणाऱ्याला दोन गेजांतला फरक कळतो, आणि हे जंक्शन कशासाठी होतं तेही.

महाराष्ट्रात या छंदाची मोठी ओळख झाली ती पुण्यात, कोथरूडला. भाऊसाहेब जोशी यांनी तिथे उभं केलेलं लघु रेल्वेचं संग्रहालय 1998पासून लोकांसाठी खुलं आहे. सिग्नल, उड्डाणपूल, दिवे लागलेलं शहर आणि त्यातून वेळेवर सुटणाऱ्या गाड्या असा सगळा संसार एका दालनात मांडलेला आहे. जर्मनीत हॅम्बुर्गला 2001 साली सुरू झालेलं मिनिआटुर वुंडरलांड तर डोंगर, विमानतळ आणि देशच्या देश दाखवतं. घरच्या लेआउटला ती चैन नसते. शकुंतलेचा दोन्ही बाजूंचा मार्ग मिळून सुमारे 189 किलोमीटर. सत्त्याऐंशीनं भागूनही तो दोन किलोमीटरांच्या वर जातो. तेव्हा निवड करावी लागते. मी तीन जागा ठेवल्या: मूर्तिजापूरचं यार्ड, दर्यापूरसाठी असलेलं बनोसा स्थानक, आणि मध्ये शेतातलं एक फाटक. कारंजा, दारव्हा, अंजनगाव सुटले याचं वाईट वाटतं. पण सगळं कोंबलं असतं तर वऱ्हाडाचं मोकळं रान गेलं असतं, आणि शकुंतला दिसते ती त्या रानातच.

ही गाडी कापसासाठी आली. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं 1910 साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली आणि वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या मार्गाला आणि तिथून इंग्लंडच्या गिरण्यांकडे नेणारे हे फाटे टाकले. 1921 साली मँचेस्टरला तयार झालेलं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन 1923पासून इथे राबलं. 15 एप्रिल 1994ला त्याच्या जागी डिझेल इंजिन आलं. देशातल्या रेल्वे सरकारी झाल्या तरी या मार्गाची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. पुढे रूळ थकले, वेगावर बंधनं आली आणि गेल्या दशकात गाड्या थांबल्या.

वेग हा या लेआउटचा खरा विषय. शेवटच्या वर्षांत शकुंतला ताशी वीसेक किलोमीटरनं जाई. एचओ प्रमाणात हा वेग सेकंदाला साधारण सहा सेंटिमीटर होतो. खेळण्यातलं इंजिन एवढ्या हळू चालतच नाही; ते धक्का देऊन उठतं नाहीतर थांबतं. मूर्तिजापूरचे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी लेआउट पाहायला आले, तेव्हा गाडी सुटल्या सुटल्या म्हणाले, ‘काहून पयवता भाऊ इतली? शकुंतला हाये थे, गीतांजली नाई!’

त्यानंतरची सुधारणा बहुतेक या एका वाक्यासाठी झाली. इंजिनाखाली एन-गेजची जपानी चासी घातली, तिच्या मोटरीला जडचाक असल्यामुळे क्षणभर वीज तुटली तरी गती टिकते. नुसता दाब कमी-जास्त करण्याऐवजी बारा व्होल्टचे तुटक ठोके देणारा नियंत्रक बसवला. प्रत्येक ठोक्याला पूर्ण जोर मिळतो, त्यामुळे चाकं अडत नाहीत. प्रत्येक रुळाच्या तुकड्याला खालून स्वतंत्र वायर जोडली. रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, कारण हंगामात जिनिंगची धूळ-कस्पटं बंद खिडकीतूनही आत येतात. आता तीन मीटरचं अंतर कापायला गाडी पाऊण मिनिटाहून जास्त घेते. लहान मुलांनाही ते कंटाळवाणं वाटत नाही, हे पाहून मला फार बरं वाटलं.

जमीन विकत आणायची नाही हे आधीपासून ठरलेलं होतं. अकोटच्या बाजूच्या शेतातली काळी माती वाळवून, चाळून, पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये बसवली. चाळल्यावर तिच्यातून लोहचुंबक फिरवावाच लागतो: ही माती बेसाल्टची, तिच्यात लोहाचे कण असतात आणि मोटरीतलं चुंबक ते ओढून घेतं. वाळताना मातीला भेगा पडतात. मे महिन्यातल्या वऱ्हाडी शेताला त्या शोभतात, म्हणून मी त्या बुजवत नाही. बाभळींसाठी पऱ्हाटीची वाळकी मुळं. उलटी रोवून त्यांना बारीक भुसा लावला की दुसरं काही करावं लागत नाही. कापसाच्या बंडीत मात्र खरा कापूस चालत नाही, कारण त्याचे तंतू या मापाला दोरखंडासारखे दिसतात. तिथे खडूची पूड आणि कागदाचा लगदा वापरला.

अकोल्याच्या उन्हाळ्याचा हिशेब रुळांतही धरावा लागतो. थंडीपासून मेपर्यंत खोलीचं तापमान पंचवीस-तीस अंशांनी चढतं आणि तीन मीटर लांबीचा निकेल-सिल्व्हरचा रूळ सुमारे दीड मिलिमीटर वाढतो. हिवाळ्यात रूळ टाकताना सांध्यांमध्ये ती फट ठेवलेली असते.

गाडी चालवायची पद्धतही शकुंतलेचीच. शेवटच्या काळात बहुतेक स्थानकांवर माणसं नव्हती. तिकिटं देणं, फाटक लावणं ही कामं गाडीबरोबरचेच लोक करत. त्यामुळे लेआउटवर गाडी फाटकाआधी थांबते, चालवणारा उठून फाटक हातानं लावतो, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबते, फाटक उघडलं की पुढे निघते. हे बटणावर सहज झालं असतं. पण फाटकाशी थांबलेल्या गाडीत बसून मी अनेकदा वाट पाहिली आहे, आणि छायाचित्रांत ती वाट पाहणं कुठेच नाही.

पुढचा फळा धूळघाटचा. अकोला-खंडवा मीटरगेज अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात शिरली की धूळघाटजवळ रूळ गोल वळसा घेऊन स्वतःच्याच डोक्यावरून जात. 2017 साली तो मार्ग बंद झाला. त्यासाठी 12 मिलिमीटरचे रूळ लागतात, आणि वरच्या गाडीला खालच्या रुळांपासून साडेसात सेंटिमीटर उंची. 45 सेंटिमीटर त्रिज्येच्या वळशात लांबी मिळते 2.83 मीटर, म्हणजे चढ शंभराला 2.65. वळणाचं घर्षण धरलं तर छोट्या इंजिनाला तो जड जाईल. त्रिज्या 60 केली तर चढ शंभराला दोनवर येतो आणि फळा दाराच्या वाटेत येतो. घरात सध्या दाराबद्दल बोलणी चालू आहेत.