कोन हरवू नये म्हणून

ब्लेझारचा उद्रेक झाला की पहिली बातमी येते तेज वाढल्याची. मला ओढ असते ती ध्रुवीकरणाच्या कोनाची. ब्लेझारमधल्या कृष्णविवराजवळून निघून नेमका आपल्या रोखानं येणारा झोत किती उजळला, ते तेजावरून कळतं. त्यातलं चुंबकीय क्षेत्र कुठं वळलं, ते कोनावरून.

आयुकाच्या गिरावलीतल्या दोन मीटरच्या दुर्बिणीवर हा कोन मोजायची रीत मला फार देखणी वाटते. अर्धतरंग पट्टिका ०, २२.५, ४५ आणि ६७.५ अंशांवर फिरवायची. पुढचा लोलक प्रत्येक बिंदूच्या दोन प्रतिमा करतो. विरळ ढग आडवा आला तरी दोन्ही सारख्याच मंदावतात, गुणोत्तर ढळत नाही.

अडचण वेगळीच आहे. हा कोन १८० अंश फिरला की पुन्हा जिथल्या तिथं दिसतो. आज २० अंश, चार दिवसांनी ११०. मग तो डावीकडून फिरला की उजवीकडून? मधल्या रात्रींशिवाय सांगता येत नाही.

आणि त्याच रात्री पावसाळा नेतो. माझं यवत पर्जन्यछायेतलं. श्रावणात पाऊस हुलकावणी देतो, ढग मात्र हटत नाहीत. भुलेश्वरच्या डोंगरावरून सरठ तारकासमूह दिसायचा, तिथं नुसतं करडं आभाळ. बीएल लॅसर्टी हा ब्लेझार त्याच समूहातला. १९२९ मध्ये कुनो हॉफमायस्टरनं तो चलतारा म्हणून नोंदवला होता. रेडिओ स्रोताशी त्याचं नातं जुळलं ते १९६८ मध्ये. २०२० मध्ये तो भडकला, तोही आपल्या पावसाळ्यातच. जगभरच्या वेधशाळांनी आळीपाळीनं त्याच्यावर नजर ठेवली, म्हणून तेज, ध्रुवीकरण आणि गॅमा किरण या तिन्हींत सुमारे १३ तासांचा हेलकावा सापडला. झोतातल्या चुंबकीय पिळाला मुरड पडली, असा त्याचा अर्थ लावला गेला. १३ तासांचं आवर्तन एका गावाच्या रात्रीत मावतच नाही!

नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच बीएल लॅसर्टीच्या दृश्य प्रकाशाचं ध्रुवीकरण ४७.५ टक्क्यांवर गेलं. अवकाशातल्या आयएक्सपीई दुर्बिणीला क्ष-किरणांचं मात्र ७.६ टक्क्यांहूनही कमी आढळलं. तिथले क्ष-किरण प्रोटॉनमुळे नव्हे, इलेक्ट्रॉनांनी प्रकाशकण उसळवल्यामुळे येतात, हे या तफावतीनं दाखवलं. दोन्ही मापं एकाच वेळची नसती, तर तिला काही किंमत उरली नसती.

कोनाचा धागा मध्येच तुटू नये म्हणून दुर्बिणीच्या वेळेसाठी अर्ज करताना मी उद्रेकाआधीच्या शांत रात्रीही मागतो. त्या मिळवायला भांडावं लागतं, कारण त्यांत दाखवण्याजोगं काही नसतं. यंदा दिवाळीनंतरच्या तशा रात्री मी सलग मागितल्या आहेत.