निऱ्या आणि पिवळा चौकोन

धाकटी नणंद लेकीच्या बाळंतपणासाठी पहिल्यांदा अमेरिकेला निघाली, तेव्हा डिंकाचे लाडू नेऊ देतात का, हे तिनं साऱ्या घराला विचारून घेतलं होतं. माझ्यासाठी तिनं वेगळा प्रश्न राखून ठेवला होता. "वहिनी, तिकडे म्हणे काचेच्या कपाटात हात वर करून उभं करतात. त्यानं काही होत नाही ना? तुम्ही त्यातल्याच, म्हणून विचारते."

त्यातली म्हणजे रेडिएशन सुरक्षेतली. रुग्णालयांतल्या एक्स-रे तंत्रज्ञांच्या छातीवरचे, किरणांची मात्रा नोंदवणारे टीएलडी बॅज दर तीन महिन्यांनी तपासायला येत, आणि कुणाला किती मात्रा बसली हे पाहण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. "काही होत नाही गं," मी सवयीनं म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र वाटलं, २०१० साली अमेरिकन सरकारनंही आपल्या लोकांना हेच उत्तर दिलं होतं. त्यांनी मांडलेले आकडे बहुतेक बरोबर होते, आणि तरीही लोकांना ते पटलं नव्हतं.

२५ डिसेंबर २००९ ला ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला निघालेल्या विमानात उमर फारूक अब्दुलमुतल्लब या नायजेरियन तरुणानं अंतर्वस्त्रात लपवलेलं स्फोटक पेटवायचा प्रयत्न केला. ते पीईटीएन होतं. त्यात धातू नाही, त्यामुळे मेटल डिटेक्टरला त्याचा वासही येत नाही. पुढच्या वर्षभरात तिथल्या विमानतळांवर स्कॅनर धडाधड बसले. काही मिलीमीटर लहरींवर चालणारे होते, तर काही क्ष-किरणांवर. या दुसऱ्या जातीचं नाव बॅकस्कॅटर.

दवाखान्यातला एक्स-रे शरीराच्या आरपार जातो. बॅकस्कॅटरमध्ये क्षीण किरणांची बारीक शलाका अंगावरून झरझर फिरते आणि त्वचेवरून उलट उधळलेले किरण टिपले जातात. कपडे त्याला दिसतच नाहीत. पडद्यावर माणूस उमटतो तो खडूनं काढल्यासारखा, आणि उघडा.

एका तपासणीत बसणाऱ्या मात्रेची कमाल मर्यादा होती पाव मायक्रोसीव्हर्ट. विमान उंचावर गेलं की अवकाशातून येणाऱ्या किरणांची मात्रा तासाला साधारण ३ ते ५ मायक्रोसीव्हर्ट बसते. म्हणजे स्कॅनरमधून जाणं आणि विमानात पाच मिनिटं बसणं सारखंच. हे गणित अधिकाऱ्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. एप्रिल २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या चार शास्त्रज्ञांनी व्हाइट हाऊसच्या विज्ञान सल्लागारांना पत्र लिहून या गणितातच खोट काढली. या किरणांची बरीचशी ऊर्जा त्वचेत आणि तिच्या लगत मुरते. ती सबंध शरीरावर वाटून सरासरी काढली तर ती कमी दिसणारच. शिवाय फिरणारी शलाका बिघाडानं एका जागी अडली तर? पुढे झालेल्या मोजण्यांत मात्रा मर्यादेतच निघाली. तरी प्रश्न अस्थानी नव्हता. यंत्र नीट चालतं तेव्हा ते सुरक्षितच असतं. आमची सगळी नोकरी ते नीट चालत नाही तेव्हासाठी असते.

पण माझी खरी हरकत मात्रेला नाहीच. 'किती' हा आमच्या शास्त्रात नंतरचा प्रश्न. आधी विचारायचं: द्यायचं कशासाठी? त्याच्यावाचून भागतं का? इथे तर शेजारच्याच रांगेत उत्तर उभं होतं. मिलीमीटर लहरींची ऊर्जा रेणूंचे बंध तोडायला लागते त्याच्या हजारो पटींनी कमी, आणि काम तेच. मग कोट्यवधी निरोगी माणसांवर, त्यांत गरोदर बायका आणि पोरं, क्ष-किरण कशाला? युरोपीय महासंघानं नोव्हेंबर २०११ मध्ये क्ष-किरण स्कॅनर आपल्या विमानतळांवर नकोत असं ठरवलं ते याच चालीनं.

अमेरिकेतल्या तपासनिसांनी बॅज मागितले होते, हे वाचून मला फार वाईट वाटलं. दिवसभर यंत्राजवळ उभं राहणारा माणूस बॅज मागतो तेव्हा तो घाबरट नसतो, तो हिशेब मागतो. हिशेब बाहेरच्यांनाही मिळत नव्हता. सरकारनं नेमलेल्या प्रयोगशाळांनी चाचण्या केल्या होत्या, पण स्वतंत्र संशोधकांना असं एक यंत्र चक्क ईबेवरून मिळवून तपासावं लागलं. अंगाच्या कडेला शस्त्र लपवलं तर काळ्या पार्श्वभूमीत ते दिसत नाही, असं त्यांनी २०१४ मध्ये जाहीर केलं. म्हणजे लाज गेली ती गेली, वर राखणही पुरी नाही.

जुलै २०११ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानं स्कॅनर घटनाबाह्य नाहीत असा निकाल दिला, पण ते बसवण्याआधी जनतेचं म्हणणं रीतसर ऐकायला हवं होतं, असंही बजावलं. तसं ऐकून स्कॅनरचा नियम पक्का व्हायला २०१६ उजाडलं. तोवर, २०१३ मध्येच, बॅकस्कॅटर यंत्रं विमानतळांवरून हलली होती. गंमत म्हणजे मात्रेमुळे नव्हे! उघड्या चित्राऐवजी नुसती बाहुली दाखवणारी प्रणाली कायद्यानं सक्तीची केली, आणि ती या यंत्रांना वेळेत जमली नाही. आम्ही मंडळी मायक्रोसीव्हर्ट मोजत बसलो, आणि यंत्र हटवलं ते लाजेनं.

आता हात वर करून उभं राहिलं की संगणक संशयाच्या जागी बाहुलीवर पिवळा चौकोन काढतो. पण बाहुलीला साडी ठाऊक नाही. डिसेंबर २०१० मध्ये मिसिसिपीतल्या जॅक्सन विमानतळावर आपल्या राजदूत मीरा शंकर यांची अंगझडती झाली, तेव्हाही निमित्त साडीचंच असल्याचं सांगितलं गेलं, आणि दिल्लीनं निषेध नोंदवला.

आपल्याकडे २०१९ मध्ये नागरी विमान वाहतुकीची सुरक्षा पाहणाऱ्या बीसीएएसनं ८४ विमानतळांना मार्च २०२० पर्यंत बॉडी स्कॅनर बसवायला सांगितलं. मग कोरोना आला आणि मुदत टळली. मिलीमीटर लहरी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या कक्षेत येत नाहीत, त्यामुळे या यंत्रांशी माझ्या खात्याचा संबंधच उरत नाही. तरी विचारावंसं वाटतं: निऱ्या, ओचा, फेटा, धोतराचा काष्टा यांवर या संगणकाला कुणी शिकवलंय का? चुकीचा चौकोन किती वेळा येतो, ते कुठे जाहीर होतं का?

नणंद साडी नेसूनच गेली. "पंजाबी ड्रेस घाल" हा माझा सल्ला तिनं साफ उडवून लावला. जाताना मुंबईत नेहमीप्रमाणे पडद्याआड झडती झाली. काचेचं कपाट भेटलं ते चार महिन्यांनी, परतताना. उतरल्यावर तिनं टॅक्सीतूनच फोन केला.

"वहिनी, बरोब्बर निऱ्यांवर चौकोन आला. पण त्या बाईनं आधी विचारलं हो, इथे हात लावू का म्हणून." आणि मग, जरा थांबून, "मी नाही म्हटलं असतं तर?"