जाळ आणि जागा

मोठ्या रायफलीचं काडतूस हाताने भरायला शिकणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सगळ्यात जास्त वेग कोणती पावडर देते? इथे कॉलोरॅडोत एल्कच्या शिकारीचा हंगाम जवळ आला की आमच्या रेंजवर तो हमखास कानावर पडतो. माझ्या मते वेगाचा विचार सगळ्यात शेवटी करावा. पुंगळीत जागा किती, नळीचं भोक केवढं, गोळी किती जड आणि चाप ओढाल तेव्हा ऊन असेल की बर्फ, हे आधी बघावं.

बिनधुराची पावडर जळते ती दाण्याच्या पृष्ठभागावरून. एच ४३५० या पावडरीचा दाणा भिंगाखाली धरून बघा. ग्रॅफाइटने काळपट झालेली इवलीशी कांडी आणि तिच्या मधून आरपार छिद्र. बाहेरून कांडी जळत बारीक होते, तेव्हा आतलं छिद्र रुंद होत जातं. त्यामुळे जळणारा पृष्ठभाग फारसा घटत नाही आणि वायू टिकून तयार होत राहतो. चुलीत चिपाडं भसकन पेटून संपतात आणि बाभळीचं लाकूड आच धरून राहतं. पावडरींमधला फरक तसाच, फक्त इथे सगळा हिशोब सेकंदाच्या हजाराव्या भागात उरकतो.

पुंगळी मोठी म्हणजे पावडर धिमी, असं मात्र सरसकट धरू नये. .३०० विंचेस्टर मॅग्नमची पुंगळी ऐसपैस आणि भोक अरुंद, म्हणून तिला एच ४८३१ सारखी धिमी पावडर मानवते. .४५८ विंचेस्टर मॅग्नमची पुंगळी जवळजवळ सरळ आणि भोक रुंद. गोळी जराशी सरकली की मागे भरपूर जागा मोकळी होते. तिथे धिमी पावडर पुरती जळण्याआधीच दाब उतरतो, म्हणून एच ४८९५ सारखी चपळ पावडर लागते.

या विद्येतलं मला सगळ्यात भावलेलं काडतूस म्हणजे १९११ चं .४१६ रिग्बी. त्या काळी इंग्रज कॉर्डाइट भरत. नायट्रोग्लिसरीन, गनकॉटन आणि थोडं व्हॅसलीन यांच्या त्या दोऱ्या उन्हाने तापल्या की दाब चढे. चांद्याच्या जंगलात मे महिन्यात तापलेलं काडतूस उडवलं की पुंगळी चेंबरला घट्ट धरून बसायची भीती. आणि समोर जखमी जनावर! रिग्बीने पुंगळीच एवढी मोठी केली की दाब मुळातच कमी राहावा. पुढे १९८८ मध्ये रेमिंग्टनने .४१६ चं नवं काडतूस काढलं. ४०० ग्रेनची गोळी, सेकंदाला साधारण २,४०० फूट, म्हणजे काम जवळपास तेच. पण पुंगळी लहान आणि दाब बराच जास्त. आजच्या पावडरी उन्हाला कमी बधतात म्हणून हे जमतं. तरीही गरम मुलखात जाणाऱ्याला मी रिग्बीच सुचवीन. ती रिकामी वाटणारी जागा म्हणजे वाया गेलेलं पितळ नव्हे.

आमच्याकडे तापमानाची गोष्ट उलटी. जुलैच्या उन्हात रेंजवर जमवलेला भार नोव्हेंबरच्या गोठवणाऱ्या पहाटे वापरायचा असतो. थंडीत वेग पडतो, गोळी खाली लागते आणि जनावर नुसतं जखमी होऊन निघून जातं. ऑस्ट्रेलियात तयार होणारी एच ४३५० मला आवडते ती याचसाठी. वेगात चार-दोन फूट कमी मिळाले तर मिळोत, पण ऋतू बदलला म्हणून तिचं वागणं फारसं बदलत नाही.

मोठी पुंगळी जवळजवळ भरेल अशी पावडर निवडावी, यालाही कारण आहे. अर्धी रिकामी पुंगळी कलली की पावडर कधी प्रायमरपाशी तर कधी गोळीपाशी जमते आणि पेट दर वेळी वेगळा घेते. शिवाय अर्ध्या जागेत मावणारी चपळ पावडर चुकून दोनदा पडली तर वरून कळतही नाही. भरगच्च भार दोनदा पडला तर बाहेर सांडतो. धिमी पावडर मनाने कमी करून भरणं तर त्याहून वाईट, दाब अचानक भलताच चढू शकतो. हलका भार हवा असेल तर त्यासाठी पुस्तकात नेमून दिलेली पावडरच घ्यावी.

आणि डब्यावरचा आकडा अक्षरांसकट वाचावा. एच ४८३१ मूळची २० मिलिमीटर तोफांची. दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेला साठा ब्रूस हॉजडन यांनी विकत घेऊन शिकाऱ्यांपर्यंत पोहोचवला. आयएमआर ४८३१ नंतरची आणि तिच्याहून चपळ. एकीचा भार दुसरीला चालत नाही. माझ्या बाकावर एका वेळी एकच डबा उघडा असतो, आणि नव्या लॉटचा डबा उघडला की भार पुन्हा खालून चढवत आणायचा.