उचलणे आणि धरून ठेवणे

चि. भाच्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

स्नोमोबिल, म्हणजे पुढे दोन स्की आणि मागे रबराचा रुंद फिरता पट्टा असलेले बर्फावरचे वाहन, उचलण्यासाठी विकतची लिफ्ट न आणता डुलुथच्या गॅरेजात ती स्वतःच्या हातांनी बांधण्याचा चिरंजीवाचा निर्णय योग्यच आहे, आणि या घरात त्याचे कोणाला नवल वाटण्याचेही कारण नाही. पट्ट्याचा ताण पाहणे, पट्टा ज्यांवरून सरकतो त्या प्लास्टिकच्या पट्ट्यांची झीज तपासणे, स्कीखालच्या कार्बाइडच्या धारा बदलणे ही कामे मिनेसोटाच्या हिवाळ्यात गारठलेल्या फरशीवर उताणे पडून करणाऱ्याला उंचीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. विचारणा केवळ चौकोनी पाइपच्या जाडीविषयी होती, आणि तिचे उत्तर थोडक्यात असे की 50 मिलिमीटरचा, 3 मिलिमीटर जाड पाइप लिफ्टच्या मीटरभर लांबीच्या हातांना पुरेसा आहे, मात्र मधल्या पिनच्या भोकाभोवती दोन्ही बाजूंनी पत्रा जोडून जाडी वाढवावी. परंतु सोबत पाठवलेल्या आराखड्याखाली ‘एकदा वर गेलं की झालं’ असे जे वाक्य सहज लिहिले गेले आहे, त्याने पत्रलेखकाची झोप उडवली असून पुढचा मजकूर त्या वाक्यासाठीच आहे.

वर नेणे आणि वर धरून ठेवणे ही दोन स्वतंत्र कार्ये आहेत, आणि ती एकाच अवयवावर सोपवणे हा यंत्रविद्येतील सर्वांत जुना व सर्वांत महाग पडलेला आळस आहे. तेलाचा जॅक भार उत्तम उचलतो. पण उचललेला भार तो एका लहानशा रबरी सीलच्या आणि एका झडपेच्या भरवशावर धरतो, आणि सील झिजले किंवा झडपेत कचरा अडकला की तो भार कधी हळूहळू, कधी एकदम खाली येतो. हा भेद जगाला डोळ्यांनी दाखवला तो एलिशा ओटिस यांनी: 1854 साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमधील प्रदर्शनात ते उंच उचललेल्या फलाटावर स्वतः उभे राहिले व त्यांनी वरचा दोर तोडवला, तरी फलाट जागीच अडकून राहिला, कारण दोर सैल पडताच बाजूच्या खांबांवरील दात्यांत गुंतणारी वेगळी योजना त्यांनी केली होती. दोराचे काम उचलण्याचे होते, धरण्याची जबाबदारी दुसऱ्यावर होती. सांगली-मिरजेकडच्या कोणत्याही जाणत्या मिस्त्रीला ही गोष्ट ओटिस यांचे नाव न ऐकताही कळते, म्हणूनच जॅक लावल्यावर तो आधी टेकूची घोडी सरकवतो आणि मगच गाडीखाली जातो. शेडमध्ये ट्रॅक्टरखाली जे घडले त्याविषयी चिरंजीवाला नव्याने काही सांगायला नको. त्या दिवशी चिरंजीव पायरीवरच बसला होता.

आराखड्यातील रचना कात्रीची आहे, म्हणजे मध्यावर पिनने जोडलेले दोन तिरपे हात खालच्या टोकांशी आट्यांच्या दांड्याने जवळ ओढले जातात आणि वरचा फलाट चढतो. या रचनेत सर्वाधिक जोर वर नव्हे, तळाशी लागतो. हात जमिनीशी 10 अंशांचा कोन करत असताना दांड्यावरील ओढ भाराच्या साडेपाच पटींहून अधिक असते, 45 अंशांवर ती भाराइतकीच उरते. गाडी 250 किलोची धरली, तर फलाटाचे वजन सोडूनही सुरुवातीला सुमारे 1400 किलोंची ओढ येते, आणि दांडा तुटायचा असेल तर तो तिथेच दुखावतो. ती इजा मात्र उघडी पडते नंतर, फलाट उंच असताना व माणूस खाली असताना. म्हणून आरंभीचा कोन 15 अंशांहून कमी ठेवू नये.

अडकावाची पिन आराखड्यात दाखवली आहे, हे खरे. पण ती ‘जर पडलेच तर’ म्हणून दाखवली आहे, आणि हाच तो आळस. अचानक आलेला भार, त्याआधी तो केसभरही खाली घसरला नसला तरी, संथपणे ठेवलेल्या भाराच्या दुप्पट ताण निर्माण करतो. तो काही सेंटिमीटर पडून पिनवर आदळला तर दुपटीचा हिशेबही उरत नाही. त्यामुळे फलाट हव्या त्या उंचीच्या किंचित वर न्यावा, पिन घालावी आणि मग दांडा उलटा फिरवून सगळा भार सावकाश पिनवर टेकवावा. काम सुरू होताना दांडा सैल असला पाहिजे.

कडेला पेन्सिलीने लिहिलेला पर्याय, छपराच्या कैचीला विंच टांगण्याचा, खोडूनच टाकावा. कैची म्हणजे छप्पर पेलणारा लाकडी त्रिकोणी सांगाडा. वरून पसरलेले बर्फ पेलण्यासाठी त्याचा हिशेब केलेला असतो, खालच्या तुळईला एका जागी लोंबणाऱ्या ओझ्यासाठी नव्हे, आणि जानेवारीत तर वरचे बर्फ आधीच त्याच्यावर असते. इतके शिकून चिरंजीवाला हे कोणी सांगावे लागावे, याचे वाईट वाटते. थंडीचाही विचार आराखड्यात कुठे दिसत नाही. अडकावासाठी रॅचेट वापरले, तर गाडीवरून वितळलेले पाणी त्याच्या खिट्टीत, म्हणजे दाता अडवणाऱ्या जिभेत, उतरते, रात्री तिथेच गोठते आणि सकाळी खिट्टी दातात पूर्ण बसत नाही. ती बसल्याचा आवाज ऐकून समाधान मानू नये, बोटाने चाचपून पाहावी. तोलाचेही तसेच: इंजिन पुढे असल्याने वजन पुढे झुकलेले असते, आणि मागचे सस्पेन्शन काढताच ते आणखी पुढे सरकते, म्हणून पट्टे आवळून गाडी फलाटाला पुढेमागे बांधल्याशिवाय एकही नट सोडू नये. मागचा भाग उचलून पट्टा फिरवायचा असेल, तर पट्ट्याच्या मागे कोणी उभे राहता कामा नये आणि गॅरेजचे दार उघडेच असावे, कारण बंद जागेत इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड वास न देता माणूस नेतो.

बर्फावरच्या मोटारवाहनांचा इतिहासही या काळजीपासून दूर नाही. क्वेबेकमधील वालकूर गावी स्वतःचे गॅरेज चालवणारे जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिये यांचा दोन वर्षांचा मुलगा 1934 च्या हिवाळ्यात दगावला, कारण बर्फाने अडलेल्या रस्त्यांवरून त्याला रुग्णालयात नेता आले नाही. त्यांच्या दातेरी चाकाच्या व पट्ट्याच्या योजनेला 1937 साली पेटंट मिळाले, आणि 1959 मध्ये त्यांची स्की-डू ही स्नोमोबिल बाजारात आली. रस्ते आता साफ होतात. तरीही वादळाच्या रात्री एकट्या घरामागे एकटा माणूस फलाटाखाली असेल, तर रुग्णवाहिकेला किती वेळ लागेल, याचा अंदाज चिरंजीवाने स्वतःच करावा आणि सूनबाई घरी नसताना फलाट चढवू नये.

ताईला यातले काही कळवलेले नाही. गाडी चढवण्याआधी तितक्याच वजनाच्या वाळूच्या गोण्या फलाटावर ठेवून तो दोन दिवस तसाच उभा राहू द्यावा, नंतर पिनच्या भोकाचे जवळून काढलेले छायाचित्र पाठवावे. भोक लांबट झालेले दिसले, तर पत्रलेखकाचे उत्तर येईपर्यंत गाडी जमिनीवरच असू द्यावी.

कळावे,
मामाचे आशीर्वाद