रांबेरचा दाखला

साथीच्या रोगावरील साहित्यात आपण सहसा थोर माणसे शोधतो. आल्बेर काम्यूची ‘प्लेग’ (१९४७) वाचताना मला मात्र जवळचा वाटला तो पळून जाऊ पाहणारा माणूस. रांबेर हा पत्रकार. कामानिमित्त अल्जीरियातील ओरान शहरी आला आणि प्लेगमुळे शहराच्या वेशी बंद होताच आत अडकला. प्रेयसी पॅरिसला. आपण इथले नव्हेच, ही त्याची तक्रार.

डॉक्टर रियूंकडे तो निरोगी असल्याचा दाखला मागतो. डॉक्टर देत नाहीत. इथून कचेरीपर्यंत जाताना रोग जडणार नाही, हे कोणी सांगावे? मग रांबेर चोरवाटेच्या खटपटीला लागतो. डॉक्टरांना ते ठाऊक असते. पण ते चहाडी करीत नाहीत. उलट, न्यायाधीशांचे तुमच्याकडे लक्ष आहे, घाई करा, असा इशारा देतात!

हा दुटप्पीपणा नव्हे काय? निसटलेला रांबेरही रोग बाहेर नेऊ शकतोच. हा आक्षेप मला पुरता खोडता येत नाही. एवढेच दिसते की, दाखल्याखालची सही डॉक्टरांची आहे आणि ती ते खोटी करणार नाहीत. पण सुखाची ओढ असलेल्या माणसाला अपराधी ठरवायलाही ते तयार नाहीत.

रांबेर बदलतो तो उपदेशाने नव्हे. उपदेश करायला कादंबरीत पानलू पाद्री आहेतच. डॉक्टरांची आजारी पत्नीही शहराबाहेर दूर आरोग्यधामात आहे, हे त्याला तारूकडून कळते. डॉक्टर स्वतः त्याविषयी बोललेले नसतात. दुसऱ्या दिवशी तो फोन करून विचारतो, बाहेर पडायची सोय होईपर्यंत तुमच्याबरोबर काम करू का? ‘सोय होईपर्यंत’ — किती प्रामाणिक अट! पुढे सोय खरोखरच होते, आणि तो जात नाही.

२०२० साली आमच्या गावाने वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या. मुंबईहून आलेल्या काकांना चौदा दिवस शाळेच्या खोलीत ठेवले. ते योग्यच होते. पण ‘रोग घेऊन आला’ असे म्हणत लोक तो रस्ताच टाळू लागले, ते कोणत्या नियमात बसत होते? आजी मात्र रोज संध्याकाळी तोंडाला पदर लावून कुंपणाबाहेरच्या दगडावर बसे आणि तिथूनच, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात, काकांशी गप्पा मारी.