खानेसुमारी आणि सातबारा

वाङ्मय शिकविणाऱ्या माणसानें खानेसुमारीचीं कोष्टकें वाचीत बसावें, हें आमच्या कित्येक स्नेह्यांस विक्षिप्तपणाचें लक्षण वाटतें. परंतु आपल्या जिल्ह्याचें कोष्टक हें घरून आलेल्या पत्रासारखें असतें. त्यांत काय लिहिलें आहे एवढेंच पाहून भागत नाहीं. काय लिहावयाचें राहिलें आहे, तेंही वाचावें लागतें.

आमचा जिल्हा रत्नागिरी. २००१ सालीं त्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ सालीं ती १६,१५,०६९ भरली. म्हणजे दहा वर्षांत ८१,७०८ माणसें उणीं झालीं. त्याच दशकांत महाराष्ट्राची लोकसंख्या शेंकडा सुमारें १६ नें वाढली. राज्याच्या तत्कालीन ३५ जिल्ह्यांपैकीं लोकसंख्या घटली ती तिघांचीच: रत्नागिरी, १९८१ सालीं त्यांतूनच वेगळा निघालेला सिंधुदुर्ग, आणि मुंबई शहर. ज्या मुंबईस कोंकणानें पिढ्यान् पिढ्या माणसें पुरविलीं, तिचें मूळ बेट आणि पुरवठा करणारें कोंकण, हीं दोन्ही एकाच यादींत यावीं, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले. गिरणगांवांतून उठलेलीं बिऱ्हाडें बहुतेक उपनगरांकडे व त्यांच्याही पलीकडे गेलीं. गांवीं परत आलीं तीं थोडीं. पुढील शिरगणती २०२१ सालीं व्हावयाची, ती त्या सालीं झाली नाहीं; म्हणून अद्यापि या जुन्या आंकड्यांवरच भिस्त ठेवणें प्राप्त आहे.

ही घट समजून घ्यावयाची तर नकाशा पुढें ठेविला पाहिजे. जिल्ह्याचें क्षेत्रफळ ८,२०८ चौरस किलोमीटर. पूर्वेस सह्याद्रीची भिंत, पश्चिमेस समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टींत सगळा चढउतार. वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी या नद्या सह्याद्रींत उगम पावतात आणि थोडक्यांत प्रवास आटोपून खाडीरूपानें समुद्रास मिळतात. देशावरील नद्यांप्रमाणें काळ्या मातीचे विस्तीर्ण थर मागें ठेवावे, एवढी सवड त्यांस मिळतच नाहीं. पाऊस वर्षाकांठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पडतो. आणि तरीही वैशाखांत डोईवर हंडा घेऊन बायकांस विहीर धुंडाळीत जावें लागतें. जांभा दगड सच्छिद्र आणि जमिनीचा उतार तीव्र, म्हणून आलेलें पाणी थांबत नाहीं. सड्यावर गवत, उतारावर वरकस, आणि दोन डोंगरांच्या बेचक्यांत जी थोडी पाणथळ जमीन सांपडेल तेवढ्यावर भात, अशी ही वांटणी निसर्गानेंच करून ठेविली आहे.

याच कारणानें आमच्याकडे गांव म्हणजे एक वस्ती नव्हे. देशावर वेशींतून आंत शिरलें कीं गांव हातीं लागतो. आमच्याकडे जेथें झरा तेथें वाडी, आणि एका वाडींतून दुसरीस जावयाचें तर मध्यें एखादा वहाळ नाहीं तर टेंकाड ओलांडावें लागतें. जिल्ह्यांतील शेंकडा सुमारें ८४ लोक २०११ सालीं अशा खेड्यापाड्यांतच राहत होते. खानेसुमारीच्या तक्त्यांत मात्र अख्खा गांव एका ओळींत बसतो. त्यांतील एखादी वाडी ओस पडली तरी ओळ तशीच राहते. केवळ आंकडा थोडा खालीं येतो.

दुसरा एक आंकडा असाच सावधपणें वाचण्याजोगा आहे. २०११ सालीं जिल्ह्यांत दर हजार पुरुषांमागें ११२२ स्त्रिया होत्या. राज्याचें प्रमाण ९२९ होतें. सभासंमेलनांतून या गोष्टीचा मोठा गौरव ऐकूं येतो. परंतु सहा वर्षांखालील मुलांचीच गणना पाहिली, तर येथेंही मुली मुलग्यांहून कमीच भरतात. तेव्हां हें आधिक्य पाळण्यांतलें नव्हे. मुलगे मोठे होऊन घर सोडतात, त्यामुळें तें पुढें उत्पन्न होतें. स्त्रियांची विपुलता म्हणून ज्याचें आपण कौतुक करितों, ती मुख्यतः पुरुषांची गैरहजेरी आहे.

आतां ज्या दुसऱ्या यादीचें नांव आम्हीं मथळ्यांत घातलें आहे, तिच्याकडे वळूं. खानेसुमारीचा नियम असा कीं, जो जेथें नित्य राहतो तेथेंच त्याची नोंद व्हावी. भाद्रपदांत गणपतीस आलेला चाकरमानी कितीही दिवस राहिला तरी गांवच्या आंकड्यांत बसत नाहीं, आणि तें योग्यच आहे. तलाठ्याच्या दप्तरांतील सातबाऱ्याचा न्याय याच्या नेमका उलट. तेथून गांव सोडून गेलेला माणूस जात नाहीं. आणि मेला तर वारसांच्या रूपानें वाढतो. एक यादी दिवसेंदिवस आखूड होत आहे, दुसरी लांबत आहे, आणि गांव या दोहोंच्या मध्यें सांपडला आहे.

संगमेश्वर तालुक्यांतील आमच्या घराण्याच्या सामाईक जमिनीचा उतारा गेल्या वर्षीं आमच्या हातीं आला. क्षेत्र एका हेक्टरच्या आंतलें, नांवें २९. त्यांपैकीं गांवीं राहणारें माणूस एकच, आमच्या दिवंगत चुलतभावाची पत्नी. बाकीचे आम्ही अठ्ठावीसजण ठाण्यास, पुण्यास, बडोद्यास आणि एकजण कॅनडांत. वहिनींस उतारावरील पडीक वरकसांत काजूचीं कलमें लावावयाचीं आहेत. त्यासाठीं सरकारी साहाय्य मागावें, तर सर्व सहहिस्सेदारांच्या सह्यांचें संमतिपत्र आणा, असें त्यांस सांगण्यांत आलें. त्या आम्हांस एवढेंच म्हणाल्या, "भाऊजी, आंबा तुमचा, फणस तुमचा; पण वानरें हांकायचीं कोणी?"

या प्रश्नास उत्तर नव्हतें. नुसतें संमतिपत्र न देतां आपल्या हिश्शाचें हक्कसोडपत्रच वहिनींच्या नांवें करून द्यावें, असें आम्हीं ठरविलें, तेव्हां घरांत वाद झाला. आमचे ज्येष्ठ बंधु व्यवहारी आहेत. ते म्हणाले, "अरे, सातबाऱ्यावरचें नांव गेलें म्हणजे शेतकरीपण गेलें. कायद्यानें बिगरशेतकऱ्यास शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. तुझ्या मुलास उद्यां गांवीं परतावेंसें वाटलें तर?" त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. आम्हांस स्वतःलाही तें नांव काढतांना जड जातेंच. जन्मभूमीशीं आमचा जो लेखी संबंध उरला आहे तो तेवढाच. परंतु आम्ही असाही विचार करितों कीं, १ एप्रिल १९५७ रोजीं कायद्यानें कसणाऱ्या कुळास जमिनीचा मालक मानलें, तें कांहीं दयेनें नव्हे. जमिनीवर राबतो त्याचा तीवरील अधिकार प्रथम, या तत्त्वानें. परक्या कुळास लागू केलेलें तत्त्व घरच्या विधवेस लावतांना आमचा हात अडखळावा, हें आम्हांस शोभणारें नाहीं. राहतां राहिली मुलाची गोष्ट. जो परतेल असें आपण म्हणतों, त्याच्यासाठीं जो राहिला आहे त्याचे हात बांधून ठेवावयाचे, हा हिशेब आम्हांस तरी जमत नाहीं.

आमच्या एका सहीनें जिल्ह्याच्या लोकसंख्येंत एकाचीही भर पडणार नाहीं, नद्यांचा उतार कमी होणार नाहीं आणि वानरेंही हटणार नाहींत. परंतु माणसें गांव सोडतात त्यास केवळ भूगोल कारण नसतो. राहिलेल्यांस हालचाल करूं न देणारे आम्ही दूरचे मालकही त्यास अंशतः कारण असतों, आणि एवढा अंश दूर करणें आमच्या हातीं आहे. आमच्यानंतर आणखी चौघांनीं कागद करून दिले आहेत. उरलेले तेवीसजण विचार करीत आहेत. कलमी काजूस फळ धरावयास तीनचार वर्षें लागतात. वहिनींचें वय ६१ आहे.